रांगेतल्या मुलींची मेरी

मागच्या बैठकीत आपल्या गटात एक प्रश्न निघाला होता. जिचं बरं चाललंय, तिने दुसरीच्या मजुरीसाठी का भांडायचं? आज आम्ही तुम्हाला एका नटीची हकिकत सांगतो. उत्तर तुमचं तुम्हीच काढा.

तिचं नाव मेरी ड्रेसलर. जन्म १८६८ चा, कॅनडातला. नाव कमावलं ते अमेरिकेत. लहान वयातच घर सोडून ती फिरत्या नाटक कंपनीत गेली. अंगाने थोराड, चेहरा चारचौघींसारखा. नाजूक नायिकेचं काम तिला कोण देणार? मग तिने लोकांना हसवायला घेतलं. १९१० मध्ये न्यूयॉर्कला तिचं ‘टिलीज नाइटमेअर’ हे नाटक गाजलं. १९१४ मध्ये त्याच टिलीवर मूकपट निघाला. त्यात चार्ली चॅप्लिनही होता, पण तेव्हा मोठं नाव मेरीचंच होतं.

आता त्या काळच्या नाटकांचं आतलं चित्र बघा. नायिकेच्या मागे रांगेत नाचणाऱ्या-गाणाऱ्या मुली असायच्या. तालमी आठवडेच्या आठवडे चालायच्या, पण तालमीचा पैसा नाही. नाचायचे बूट आणि मोजेसुद्धा पदरचे. ऑगस्ट १९१९ मध्ये न्यूयॉर्कच्या नटनट्यांनी मालकांविरुद्ध संप केला. त्यातच या मुलींनी आपली वेगळी संघटना उभी केली आणि पहिली अध्यक्ष निवडली मेरीला.

मेरीला स्वतःला काही कमी नव्हतं. पण तिची सुरुवातही अशाच रांगेतून झाली होती, तुटपुंज्या पगारावर. ते ती विसरली नाही. रंगमंचामागचे कामगार आणि वादकही संपात उतरले. महिन्याभरात मालक नमले आणि संघटनेशी करार झाला.

पुढे मेरीचे दिवस फिरले. वय झालं, काम मिळेना. तेव्हा धावून आली तिची जुनी मैत्रीण, सिनेमाच्या कथा लिहिणारी फ्रान्सिस मॅरियन. १९२७ पासून तिने मेरीसाठी भूमिका लिहिल्या. तिनेच लिहिलेल्या ‘मिन अँड बिल’मधल्या कामासाठी मेरीला १९३१ मध्ये ऑस्कर मिळालं. तेव्हा ती साठीच्या पुढे होती! १९३२ आणि १९३३ ही दोन्ही वर्षं अमेरिकेत तिकीटबारीवर सगळ्यात जास्त चाललेलं नाव या आजीबाईचं होतं. १९३४ मध्ये कर्करोगाने ती गेली.

बायांनो, एकदा मेरी मुलींसाठी उभी राहिली, एकदा मैत्रीण मेरीसाठी. आपल्या गटाच्या कर्जाचा हप्ताही असाच फिरतो ना? आज हिच्या घरी, उद्या तिच्या. पुढच्या बैठकीत मजुरीचा विषय परत घेऊ. ज्यांचं बरं चाललंय, त्यांनी आधी बोलायचं. येताय ना?