वजिराला लगाम कोणी घातला?

संगणकावर पाळीपाळीने चाली करून खेळायचे युद्धखेळ आपल्या विद्यार्थ्यांच्या परिचयाचे असतात. त्यांत बहुधा प्रत्येक सैन्यात एखादा अद्भुत शक्तीचा वीर असतो. तो फारच बलवान झाला, की बाकीचे सैन्य शोभेपुरते उरते आणि खेळातली गंमत जाते. अशा वेळी खेळ रचणाऱ्यापुढे तीन मार्ग असतात : वीराचे बळ कमी करणे, त्याची किंमत वाढवणे किंवा इतरांना त्याच्यापासून संरक्षण देणे. हाच प्रश्न पाचशे वर्षांपूर्वी बुद्धिबळाच्या पटावर उभा राहिला होता.

बुद्धिबळाचा उगम साधारण सहाव्या शतकात भारतात झाला, असे मानले जाते. येथून हा खेळ इराणात, तेथून अरबांकडे आणि पुढे युरोपात गेला. या साऱ्या प्रवासात वजीर दुबळाच होता. त्याला तिरपे एकच घर चालता येई. त्यामुळे ६४ पैकी एकाच रंगाच्या ३२ घरांवर त्याचा वावर असे. जुने अरबी जाणकार हत्तीची किंमत एक दिरहम धरीत, तर वजिराची सुमारे एक तृतीयांश दिरहम!

युरोपात वजिराची राणी झाली. दहाव्या शतकाच्या अखेरच्या एका लॅटिन कवितेत ती भेटते, पण तिची चाल जुनीच होती. बदल घडला तो स्पेनमध्ये. सन १४७५ च्या सुमारास व्हॅलेन्सिया येथे रचलेल्या एका कवितेतील डावात राणी आजच्यासारखी सरळ व तिरपी, हवी तितकी घरे धावते. उंटालाही याच सुमारास लांब तिरपी चाल मिळाली. सन १४९७ मध्ये सालामांका येथे छापलेल्या लुसेना याच्या पुस्तकात जुन्या व नव्या अशा दोन्ही पद्धतींचे डाव आहेत. इटलीतील लोक तर नव्या खेळाला ‘पिसाळलेले बुद्धिबळ’ म्हणत.

हे नाव किती सार्थ होते, ते मोजून पाहू या. पट रिकामा असताना जुन्या वजिराला एका घरावरून सरासरी सुमारे ३ घरे उपलब्ध असत. नव्या वजिराला सरासरी २२.७५, म्हणजे सातपटींहून अधिक. जुन्या खेळात दोन्ही सैन्ये सावकाश समोरासमोर येत. नव्या खेळात पांढऱ्याने राजाच्या बाजूची दोन प्यादी अविचाराने सरकवली, तर काळा वजीर दुसऱ्याच चालीत मात करतो.

मग तोल कसा साधला? दोन्ही बाजूंना समान वजीर असल्याने अन्यायाचा प्रश्न नव्हता. प्रश्न होता खेळ टिकण्याचा. काही ठिकाणी पहिला वजीर पटावर असेपर्यंत प्याद्याचा दुसरा वजीर करू देत नसत. हे बंधन पुढे गळून पडले. राजाला कडेच्या आडोशाला नेणारी किल्लेकोटाची चाल सोळाव्या-सतराव्या शतकांत हळूहळू स्थिर झाली. वजिराचे बळ मात्र कोणी कमी केले नाही.

आमच्या मते खरा लगाम वजिराच्या किमतीतच आहे. आजच्या रूढ हिशेबात प्यादे १, घोडा व उंट प्रत्येकी ३, हत्ती ५ आणि वजीर ९ धरतात. आता नऊ मोलाच्या वजिरावर एक मोलाच्या प्याद्याने रोख धरला, तर माघार कोणी घ्यायची? बहुतेक वेळा वजिरानेच! जो लवकर मैदानात उतरतो, त्याला घोडे-उंट पिटाळत राहतात आणि तेवढ्या वेळात प्रतिपक्षाची फौज सज्ज होते. सर्वांत बलवान मोहरे सर्वांत जपून वापरावे लागते, ते यामुळेच.

हा बदल त्या काळची कॅस्टिलची राणी इसाबेला हिच्या प्रभावाने झाला, असे काही अभ्यासक सुचवतात. तर्क मोहक आहे, पण काळ जुळला म्हणजे कारण सिद्ध झाले, असे नव्हे.

शतकानुशतके चाललेली ही चाचणी आता यंत्रे वेगाने करतात. सन २०२० मध्ये ‘अल्फाझिरो’ या संगणक-प्रणालीकडून बुद्धिबळाचे नऊ बदललेले नियमसंच खेळवून घेऊन तोल तपासण्यात आला. वर्गात आपल्याला एक पट पुरेल. एक डाव जुन्या वजिराने आणि एक नव्या वजिराने खेळवावा. प्रत्येक डावात पहिले मोहरे कितव्या चालीला मारले गेले, याची नोंद मुलांनी ठेवावी. दहा-बारा जोड्यांच्या नोंदी फळ्यावर मांडल्या, की पुढची चर्चा मुलेच सुरू करतील.