कीटकनियंत्रणाचा धंदा आणि परवाना : एका विधिविषयक स्थित्यंतराचा इतिहास

१

‘पेस्ट कंट्रोल’ हा शब्दप्रयोग महाराष्ट्रातील शहरी घरांत इतका रुळला आहे की, त्यास मराठी प्रतिशब्द शोधण्याची गरज कोणास भासत नाही. ढेकूण, झुरळे, वाळवी आणि उंदीर यांचा बंदोबस्त मोबदला घेऊन करून देण्याचा हा धंदा परवान्याशिवाय करता येत नाही, हेही सामान्यतः ठाऊक असते. परंतु हा परवाना नेमका कशाचा, असा प्रश्न केल्यास उत्तर तितकेसे सोपे नाही. तो विषाचा आहे, विष विकणाऱ्याचा आहे, की दुसऱ्याच्या घरात शिरून ते फवारण्याच्या कृतीचा? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा ऐतिहासिक क्रमाने विचार करावयाचा आहे. कायद्याची दृष्टी प्रथम विषावर, नंतर विक्रेत्यावर आणि सर्वांत शेवटी फवारणीच्या कृतीवर स्थिरावली, असे या विवेचनावरून दिसून येईल. प्रत्यक्ष पंप हाती घेणाऱ्या माणसापर्यंत ती अद्याप पुरतेपणी पोहोचलेली नाही, हाही या इतिहासाचाच एक भाग आहे.

२

उपद्रवी प्राण्यांचा नाश हे संघटित कार्य म्हणून आपल्याकडे उभे राहिले ते धंदा या रूपाने नव्हे, तर सार्वजनिक आरोग्याचे कर्तव्य या रूपाने. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईतील मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी ग्रंथिक सन्निपाताचा रोगी ओळखला. पुढील वर्षी साथरोग अधिनियम संमत झाला. १८९८ मध्ये कराची येथे पॉल-लुई सिमाँ यांनी उंदरावरील पिसवेकडे बोट दाखविले, आणि परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमधील प्रयोगशाळेत १९०५ नंतर झालेल्या संशोधनाने त्या मताला बळकटी आली. याचा परिणाम असा की, उंदीर मारणे हे नगरपालिकेच्या वेतनभोगी सेवकांचे नित्यकर्म झाले. डासांच्या बाबतीतही तेच घडले. मुंबईतील हिवतापाविषयी चार्ल्स बेंटली यांनी १९११ मध्ये अहवाल सादर केला. त्यात घरोघरच्या विहिरींत पैदास होणाऱ्या अ‍ॅनोफेलीस स्टिफेन्सी या डासावर रोगाची जबाबदारी ठेवली होती. त्यावरचा उपाय, म्हणजे विहिरी झाकणे व बुजविणे, हाही नगरप्रशासनाच्या अधिकारातीलच होता.

या कालखंडात परवान्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता. विष वापरणारा हात शासनाचा किंवा नगरपालिकेचा होता. त्यास शासनाने परवाना देण्याचे कारण नव्हते. नागरिकाच्या घरात त्याच्या इच्छेविरुद्धही शिरण्याचा अधिकार हेच त्या व्यवस्थेचे लक्षण होते, आणि प्लेगच्या दिवसांत त्यातून किती असंतोष निर्माण झाला हे सर्वश्रुत आहे.

३

खाजगी व्यक्तीच्या हातातील विषाकडे मात्र कायदा वेगळ्याच दृष्टीने पाहत होता. १९०४ चा विष अधिनियम आणि त्याची जागा घेणारा १९१९ चा अधिनियम यांची रचना पाहिली, तर त्यांमागील भीती स्पष्ट होते. विषाच्या विक्रीसाठी परवाने देणे, कोणास विष विकावे हे ठरविणे, एका वेळी विकावयाच्या प्रमाणाची मर्यादा घालणे आणि विक्रीची नोंद ठेवावयास लावणे असे अधिकार प्रांतिक सरकारांना देण्यात आले. त्याखेरीज ज्या भागात खून करण्यासाठी किंवा गुरे मारण्यासाठी एखाद्या विषाचा वारंवार उपयोग होतो, तेथे ते जवळ बाळगण्यावरही निर्बंध घालण्याची तरतूद होती.

म्हणजे कायद्यापुढे उभा होता तो खुनी आणि गुरे मारणारा. सोमल विकत घेणाऱ्याचा हेतू काय, हा त्याचा मध्यवर्ती प्रश्न होता. उंदरांसाठी विष नेणारा मनुष्य या दृष्टीने निरुपद्रवी ठरत होता. त्याच्या अज्ञानाने किंवा हलगर्जीपणाने कोणाचा जीव जाईल, ही शक्यता त्या विचारचौकटीत गौण होती. १९१४ च्या विनाशकारी कीटक व पीडक अधिनियमाचा रोखही निराळा होता. परदेशातून येणाऱ्या वनस्पतींबरोबर पिकांना घातक असे जीव येऊ नयेत, एवढाच त्याचा हेतू होता. तेव्हा १९४७ पूर्वीच्या विधिव्यवस्थेत विषाचा विक्रेता होता, विषाचा दुरुपयोग करणारा होता, आयात करणारा होता. दुसऱ्याच्या घरात मोबदल्यासाठी विष वापरणारा धंदेवाईक मात्र नव्हता.

४

ही स्थिती पालटली ती नव्या रसायनांमुळे. पॉल म्यूलर यांनी १९३९ मध्ये डीडीटीचा कीटकनाशक गुण शोधून काढला. त्यानंतर सात वर्षांच्या आत मुंबई प्रांतातील धारवाड व कानडा या जिल्ह्यांत डॉ. डी. के. विश्वनाथन यांच्या मार्गदर्शनाखाली घरांच्या भिंतींवर त्याची फवारणी सुरू झाली. १९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम आरंभिला गेला. १९५२ मध्ये रिश्रा येथे बीएचसीचे उत्पादन सुरू झाले होते, आणि १९५५ पासून दिल्लीतील सरकारी कारखान्यात डीडीटी तयार होऊ लागले. विष आता तोळ्यामाशांनी नव्हे, तर टनांनी मोजले जाऊ लागले. याच दशकात खाजगी धंदाही पाय रोवू लागला. पेस्ट कंट्रोल इंडिया ही संस्था १९५४ मध्ये मुंबईत स्थापन झाली. जे काम पूर्वी नगरपालिकेचा माणूस हुकुमाने करीत असे, तेच आता गृहस्थाच्या निमंत्रणावरून व कराराने होऊ लागले.

कायद्याला जाग आली ती मात्र या धंद्यामुळे नव्हे. १९५८ च्या एप्रिल-मे महिन्यांत केरळ आणि मद्रास राज्यांत विषारी कीटकनाशक मिसळलेले अन्न खाल्ल्याने शंभराहून अधिक माणसे दगावली. हे कीटकनाशक पॅराथिऑन असून ते फॉलिडॉल या नावाने ओळखले जाई. त्याची व धान्यपिठाची वाहतूक एकत्र झाली होती. चौकशीसाठी मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जे. सी. शहा यांचा आयोग नेमण्यात आला. या घटनेत खुनी कोणी नव्हता, दुष्ट हेतू कोणाचाही नव्हता. म्हणूनच १९१९ च्या कायद्याची सारी मांडणी तिच्यापुढे निरुपयोगी ठरली. आवेष्टन, लेबल, साठवण आणि वाहतूक या निरस वाटणाऱ्या बाबींत मरणाचे कारण दडलेले होते. विधिविचारात हेतूच्या जागी निष्काळजीपणा आला तो येथे.

५

दहा वर्षांनी १९६८ चा कीटकनाशक अधिनियम संमत झाला. त्याच्या बहुतेक तरतुदी १९७१ च्या ऑगस्टपासून अंमलात आल्या आणि त्याच वर्षी नियमही प्रसिद्ध झाले. केंद्रीय मंडळ, प्रत्येक कीटकनाशकाची नोंदणी करणारी समिती, परवाना अधिकारी, निरीक्षक व विश्लेषक अशी यंत्रणा त्याने उभी केली. अधिनियमाच्या दीर्घ शीर्षकात आयात, उत्पादन, विक्री, वाहतूक व वितरण यांच्याबरोबर ‘वापर’ हाही शब्द आहे. तथापि परवान्याविषयीचे तेरावे कलम मूळ रूपात वाचले, तर ते केवळ उत्पादक व विक्रेता यांनाच उद्देशून होते. शीर्षकातील ‘वापर’ परवान्याच्या कलमात उतरला नव्हता. घरोघरी फवारणी करणारा धंदेवाईक परवानाधारक दुकानदाराकडून औषध घेऊन आपला धंदा चालवू शकत होता. त्यास स्वतःचा परवाना लागत नव्हता.

ही उणीव १९७७ च्या दुरुस्ती अधिनियमाने भरून काढली. तेराव्या कलमात ‘कीटकनाशकाचा वापर करून वाणिज्यिक कीटकनियंत्रण करणे’ या अर्थाचे शब्द घालण्यात आले, आणि पूर्वीपासून हा धंदा करणाऱ्यांनी ठरावीक मुदतीत अर्ज करावा असे बंधन आले. भारतीय विधीत कीटकनियंत्रण हा स्वतंत्र धंदा म्हणून या वेळी जन्मास आला, असे म्हणावयास हरकत नाही.

या दुरुस्तीचे मर्म अडतिसाव्या कलमाशी ताडून पाहिले असता अधिक स्पष्ट होते. स्वतःच्या घरगुती उपयोगासाठी, परसबागेसाठी किंवा आपल्या कसणुकीखालील जमिनीसाठी कीटकनाशक वापरणाऱ्यास हा अधिनियम लागू नाही. गृहस्थाने दुकानातून बाटली आणून स्वयंपाकघरात फवारली तर परवाना नको. तेच औषध तितक्याच प्रमाणात शेजाऱ्याच्या स्वयंपाकघरात पैसे घेऊन फवारले तर मात्र हवा. विषाची तीव्रता दोन्हीकडे सारखीच आहे. भेद आहे तो विश्वासाच्या संबंधात. बाटलीवरील चौकोनात लाल, पिवळा, निळा की हिरवा रंग आहे, हे गृहस्थ स्वतः पाहू शकतो. धंदेवाईकाच्या पंपात कालवून आणलेले पाणी पाहून त्यास काहीच कळत नाही. जे लेबल ग्राहकाला दिसत नाही, त्याची जागा परवान्याने घ्यावी, अशी ही योजना आहे.

६

परवाना मिळविण्याच्या अटींतही हाच विचार दिसतो. कीटकनाशकांचा अधिनियम कृषी खात्याच्या कक्षेतील असल्याने शहरातील ढेकूण मारू इच्छिणाऱ्यासही कृषी विभागाच्या परवाना अधिकाऱ्याकडेच जावे लागते. वरवर विसंगत वाटणारी ही गोष्ट कायद्याच्या उगमाची खूण आहे. नियमांनी ठरविलेली पात्रता म्हणजे कृषी शाखेची किंवा रसायनशास्त्र विषयासह विज्ञान शाखेची पदवी, आणि मान्य संस्थेतील किमान पंधरा दिवसांचे प्रशिक्षण. म्हैसूरची केंद्रीय खाद्य तंत्रज्ञान संशोधन संस्था, हापूडची धान्यसाठवण संस्था व हैदराबादची वनस्पतिसंरक्षण प्रशिक्षण संस्था यांचा त्यात निर्देश आहे. अर्ज नाकारला गेल्यास अपिलाची सोय आहे. धुरीकरणाची कसोटी याहून कठोर आहे. अ‍ॅल्युमिनिअम फॉस्फाइड आणि मिथाइल ब्रोमाइड ही द्रव्ये सामान्य ग्राहकास मोकळी नाहीत. त्यांचा वापर शासकीय संस्थांनी किंवा कीटकनियंत्रकांनी मान्यताप्राप्त तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच करावयाचा असतो.

परवाना भिंतीवर लावला म्हणजे जबाबदारी संपत नाही. संरक्षक पोशाख, श्वसनसाधने, प्रतिविषे व प्रथमोपचार, कामगारांचे प्रशिक्षण आणि रिकाम्या डब्यांची विल्हेवाट यांविषयी १९७१ च्या नियमांत तरतुदी आहेत. सेंद्रिय फॉस्फरसयुक्त द्रव्ये हाताळणाऱ्यांच्या रक्तातील कोलिनेस्टरेजची दरमहा तपासणी व्हावी, असेही त्यांत सांगितले आहे. धंद्याचा खरा खर्च औषधात नसून या काळजीत आहे. आणि दरपत्रकांच्या स्पर्धेत पहिली काटछाट होण्याचा धोकाही येथेच असतो.

शिवाय शिकलेले ज्ञान स्थिर राहत नाही. वाळवीप्रतिबंधाविषयीच्या भारतीय मानक ६३१३ च्या १९८१ च्या आवृत्तीत आल्ड्रिन, हेप्टाक्लोर व क्लोरडेन यांची मात्रा नमूद होती. इमारतीच्या पायात ही द्रव्ये ओतणे हीच तेव्हा धंद्यातील उत्तम रीत होती. १९९६ मध्ये या तिन्हींवर बंदी आली आणि पुढे क्लोरपायरिफॉस, इमिडाक्लोप्रिड यांनी त्यांची जागा घेतली. जे द्रव्य वर्षानुवर्षे टिकते म्हणून वाखाणले गेले, ते त्याच टिकाऊपणामुळे त्याज्य ठरले.

७

आता या व्यवस्थेच्या मर्यादेकडे वळावयास हवे. नियमांतील व्याख्येनुसार कीटकनियंत्रक या संज्ञेत ज्या व्यक्ती, पेढी किंवा कंपनीच्या नियंत्रणाखाली काम चालते तिचाही समावेश होतो. व्यवहारात परवाना पेढीच्या नावे असतो. पदवी एकाची, पंप दुसऱ्याच्या पाठीवर, अशी विभागणी त्यामुळे शक्य होते. अमेरिकेत १९७२ च्या दुरुस्तीने अधिक घातक द्रव्यांसाठी प्रमाणित वापरकर्ता ही कल्पना आणली आणि पात्रतेची कसोटी व्यक्तीला लावली. आपल्याकडील परवाना प्रामुख्याने धंद्याला लागू झाला.

२०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास माणसे मृत्युमुखी पडली आणि शेकडो रुग्णालयात दाखल झाली. बाधितांत दुसऱ्याच्या शेतावर मजुरीने फवारणी करणारेही होते. शेतमालकाच्या कसणुकीला कायद्याची सूट आहे. परंतु त्या सुटीच्या आडोशाने पंप वाहणाऱ्या मजुरासाठी प्रशिक्षणाची वा परवान्याची अट कोठेच उभी राहत नाही. शहरातील झुरळांसाठी जी पात्रता आवश्यक मानली गेली, ती कापसाच्या शेतातील त्याहून जहाल द्रव्यांसाठी मागितली गेली नाही.

सारांश, १९०४ मध्ये कायद्याने विष घेणाऱ्याचा हेतू तपासला, १९६८ मध्ये उत्पादक व विक्रेत्याची दक्षता तपासली आणि १९७७ मध्ये मोबदला घेऊन फवारणाऱ्या पेढीची पात्रता तपासली. यांपैकी मधल्या पावलामागे शंभरांहून अधिक मृत्यू होते. २००८ व २०२० मध्ये नवी विधेयके राज्यसभेत मांडली गेली, यावरून जुन्या चौकटीची अपुरेपणाची जाणीव शासनालाही आहे हे दिसते. कोणत्याही नव्या विधीची परीक्षा करताना अभ्यासकाने एकच प्रश्न विचारावा : ज्याच्या अंगावर विषाचे तुषार उडतात, त्याचे नाव या कायद्यात कोठे आहे?