देव वजा केलेला वाडा

'द लेजंड ऑफ झेल्डा' ही निन्टेन्डोची गेम-मालिका खेळलेला एखादा मित्र असेल, तर त्याला सहज विचारून बघा, "ईस्टर्न पॅलेसमध्ये राहायचं कोण रे?" गडी बहुतेक गप्प बसेल. आतले बंद दरवाजे, किल्ल्या, अंगावर गडगडत येणारे गोळे, शेवटी जिवंत होणारे दगडी पुतळे, हे सगळं त्याला तोंडपाठ असेल. पण तिथला राजा कोण, तो झोपायचा कुठे, जेवायचा कुठे, याचा काही पत्ता नाही. म्हणायचं पॅलेस, आणि आत ना सिंहासन ना मुदपाकखाना!

ज्यांनी झेल्डा खेळलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हायरूल नावाचं काल्पनिक राज्य, लिंक नावाचा पोरगा, झेल्डा नावाची राजकन्या आणि गॅनन नावाचा खलनायक. लिंकने गावोगाव हिंडायचं आणि मधेमधे मोठ्या भूलभुलैयासारख्या वास्तूंमध्ये शिरायचं. कोडी सोडवायची, आतला राक्षस मारायचा, हवी ती वस्तू घेऊन बाहेर पडायचं. या वास्तूंना गेमवाले 'डंजन' म्हणतात.

१९८६च्या पहिल्या गेममध्ये हे डंजन नुसते क्रमांकाने ओळखले जात. लेव्हल एक, लेव्हल दोन वगैरे. १९८७ मध्ये जपानात 'झेल्डा २' आला, आणि १९८८च्या शेवटी तो इंग्रजीत अमेरिकेत पोचला, तेव्हा डंजनांना नाव मिळालं 'पॅलेस'. पारापा पॅलेस, मिडोरो पॅलेस, शेवटचा ग्रेट पॅलेस. त्यात काम काय? सहा महालांमध्ये एकेक दगडी मूर्ती आहे, तिच्या कपाळावर स्फटिक बसवायचा.

इथे आपल्यासारख्या माणसाला थोडी शंका यायला हवी. मूर्ती, तिच्या कपाळावर बसवायचा स्फटिक, आणि म्हणे हा राजवाडा?

उत्तर मूळ जपानी नावात आहे. जपानीत या वास्तूंना 'शिन्देन' म्हटलंय. दोन चित्राक्षरांचा शब्द. पहिल्याचा अर्थ देव, दुसऱ्याचा अर्थ मोठी वास्तू, वाडा. म्हणजे देवाचा वाडा. म्हणजेच देऊळ! (आपलं 'देऊळ'सुद्धा 'देवकुल'वरून आलंय, म्हणजे देवाचं घरच.) इंग्रजीत येताना पहिलं अक्षर गळालं, दुसरं राहिलं. देव वजा, वाडा बाकी.

हे असं का झालं असावं? त्या काळात निन्टेन्डोच्या अमेरिकन शाखेचे गेममधल्या मजकुराबद्दल नियम होते, आणि धार्मिक गोष्टी टाळणं हा त्यातला एक. गेम मुलांच्या हातात जाणार, कुणाच्या भावना दुखायला नकोत, हा साधा धंद्याचा हिशोब. पहिल्याच झेल्डात जपानी आवृत्तीतलं 'बायबल' इंग्रजीत 'जादूचं पुस्तक' झालं होतं. १९९१चा तिसरा गेम तर जपानीत 'कामिगामी नो ट्रायफोर्स' आहे, म्हणजे 'देवांचा ट्रायफोर्स'. १९९२ मध्ये अमेरिकेत गेल्यावर त्याचं झालं 'अ लिंक टू द पास्ट'. त्यातला आगाहनिम हा मुळात धर्मगुरू, इंग्रजीत तो जादूगार झाला. नियम सगळीकडे सारखा लागला असंही नाही. 'झेल्डा २'च्या इंग्रजी आवृत्तीत 'क्रॉस' नावाची वस्तू तशीच राहिली. त्यामुळे 'झेल्डा २'चा 'पॅलेस' ही कदाचित भाषांतरकाराची साधी निवड असेल. पण १९९२ मध्ये तोच शब्द पुन्हा वापरला, त्यामागे नियमाचा हात आहे असा आपला तर्क.

आता गंमत अशी की शब्द बदलता येतो, चित्रं बदलणं अवघड. तिसऱ्या गेममधल्या 'डेझर्ट पॅलेस'चं दार उघडायला लिंक काय करतो? शिलालेखासमोर उभा राहतो, प्राचीन भाषेचं पुस्तक वापरून तो वाचतो, आणि मग चक्क प्रार्थना करतो. मग वाट मोकळी होते. वाळवंटातल्या महालाच्या दारात कोण हो प्रार्थना करतं? इंग्रजी मजकूर महाल म्हणतोय, आणि पडद्यावरचा पोरगा मात्र देवळाच्या दारात उभा आहे.

यात बिघडलं काय, असं कुणी म्हणेल. माझ्या मते बरंच बिघडलं. दुसऱ्याच्या महालात तलवार घेऊन शिरणारा आणि पेटी फोडून माल नेणारा माणूस सरळसरळ दरोडेखोर असतो. देवळात शिरून परीक्षा देणारा माणूस साधक असतो. तिसऱ्या गेममध्ये तीन पदकं मिळवल्याशिवाय मास्टर सोर्ड हाती येत नाही, कारण ती तलवार लायक माणसालाच मिळायची आहे. 'देऊळ' म्हटलं की हे कोडी, सापळे, राखणदार पुतळे सगळं जागेवर बसतं. 'महाल' म्हटलं की नुसत्या अडथळ्यांच्या खोल्या उरतात. एका शब्दाने नायकाचं कामच बदलून टाकलं.

पुढे वातावरण निवळलं. १९९४ मध्ये अमेरिकेत गेमना वयानुसार दर्जा देणारं मंडळ आलं, आणि कंपन्यांनी स्वतः कात्री चालवण्याची गरज कमी झाली. १९९८ मध्ये 'ऑकरिना ऑफ टाइम' आला, त्यात तोच 'शिन्देन' इंग्रजीत सरळ 'टेम्पल' झाला. फॉरेस्ट टेम्पल, फायर टेम्पल, वॉटर टेम्पल. पण लगेच दुसरी पंचाईत! फायर टेम्पलच्या संगीतात इस्लामी प्रार्थनेच्या ध्वनिमुद्रणाचे तुकडे होते. नंतरच्या आवृत्तीत ते काढून टाकले. देऊळ म्हणायला हरकत नव्हती, पण खऱ्या माणसांची खरी प्रार्थना पार्श्वसंगीत म्हणून वाजवणं वेगळं. मला ही दुरुस्ती पहिलीपेक्षा जास्त योग्य वाटते.

मालिकेत खरे महालही आहेत बरं का. २००४च्या 'मिनिश कॅप'मधला 'पॅलेस ऑफ विंड्स' आणि २००६च्या 'ट्वायलाइट प्रिन्सेस'मधला 'पॅलेस ऑफ ट्वायलाइट'. जपानीत दोन्हींना 'शिन्देन' नव्हे, 'क्यूदेन' म्हटलंय, म्हणजे राजवाडा. दुसऱ्यात तर सिंहासन आहे, त्यावर गादी बळकावून बसलेला झांट आहे आणि गादीची खरी वारस मिडना आपल्या सोबत आहे. महाल कसा असतो ते इथे कळतं.

आणि मग २०१३. 'अ लिंक बिटवीन वर्ल्ड्स' त्याच जुन्या हायरूलमध्ये घडतो. 'टेम्पल' रुळून तोवर पंधरा वर्षं झाली होती. तरी इंग्रजीत नाव काय? ईस्टर्न पॅलेस! आपण कोडमध्ये करतो तेच. दहा वर्षांपूर्वी कुणीतरी घाईत दिलेलं चुकीचं नाव सगळ्यांना माहीत असतं, पण इतक्या जागी वापरलेलं असतं की कुणी हात लावत नाही.

संस्कृतवाल्यांना मात्र या भांडणात पडायची गरज नव्हती. 'प्रासाद' म्हणजे राजवाडाही आणि देऊळही. तमिळमधलं 'कोविल'ही तसंच, मुळात राजाचं घर आणि आज देवाचं. इंग्रजीकडे असा शब्द नव्हता, म्हणून भाषांतरकाराला दोन दारांपैकी एक निवडावं लागलं. त्याला मी फार दोष देत नाही. पण एका ओळीच्या स्ट्रिंगमध्ये केवढं घर मावलेलं असतं, हे भाषांतराची फाईल पुढे ढकलताना आपण सगळ्यांनीच जरा लक्षात ठेवावं.