लोणारचा ‘ज्वालामुखी’ आणि मंगळाचा दगड

मंगरूळपीर भागात विहीर खणताना काळी माती संपली की मुरूम लागतो आणि त्याखाली काळा पाषाण. हा बेसाल्ट, म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून वाहून थरावर थर थिजलेला लाव्हा. अशा मुलखात, मंगरूळपीरपासून सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आतच, लोणारचा जवळजवळ वर्तुळाकार खड्डा आहे. तो ज्वालामुखीचे मुख असणार, असे वाटणे साहजिकच होते.

सी. जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने १८२३ मध्ये लोणारची नोंद केली. त्यानंतर शतकाहून अधिक काळ बहुतेकांनी त्याचे कारण ज्वालामुखीतच शोधले. १८९६ मध्ये अमेरिकन भूवैज्ञानिक ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट यांना ॲरिझोनातील विवराचे लोणारशी असलेले साम्य जाणवले. पण ॲरिझोनाचे विवर वाफेच्या स्फोटाने झाले, असे त्यांनी ठरवले. ते उल्केच्या आघाताने झाल्याचे १९६० च्या सुमारास सिद्ध झाले. ज्या खड्ड्यात पायी उतरता येते त्याचीही ही कथा, मग दुर्बिणीतून दिसणाऱ्या विवरांचे काय!

लोणारचा निकाल १९७३ मध्ये लागला. फ्रेडरिक्सन, दुबे, मिल्टन आणि बालसुंदरम यांना तेथे छिद्रे घेऊन काढलेल्या खडकात मॅस्केलिनाइट आढळले. बेसाल्टमध्ये फेल्डस्पार हे खनिज असते. प्रचंड धक्क्याने त्याची अंतर्रचना मोडते. स्फटिकाचा बाह्य आकार तसाच राहतो, आत मात्र काच होते. ज्वालामुखीत एवढा दाब निर्माण होत नाही.

गंमत म्हणजे हा पदार्थ प्रथम ओळखला गेला तोही भारतात पडलेल्या दगडात. १८६५ मध्ये बिहारमधील शेरघाटी येथे उल्का पडली. तिच्यातील या काचेला गुस्टाव चेर्माक यांनी १८७२ मध्ये मॅस्केलिनाइट हे नाव दिले. शेरघाटीचा दगडही बेसाल्टच, पण तो आला कुठून? १९७६ मध्ये व्हायकिंग यानांनी मंगळाची हवा तपासली. अंटार्क्टिकात सापडलेल्या, शेरघाटीच्याच जातीच्या एका उल्केत कोंडलेले वायू या हवेशी जुळतात, हे १९८३ मध्ये प्रसिद्ध झाले. शेरघाटीला पडला तो मंगळावरच्या लाव्ह्याचा तुकडा होता.

मग तेथे जीव असतील का? बेसाल्टमधील लोहाची पाण्याशी क्रिया होऊन हायड्रोजन सुटू शकतो आणि काही सूक्ष्मजीव उजेडाविना त्यावर जगतात. लोणारला आघातानंतर तापलेल्या खडकांतून पाणी खेळले, त्यातून चिकणमातीची खनिजे बनली; मंगळावरील विवरे समजून घेण्यासाठी २००३ मध्ये हॅगर्टी आणि न्यूसम यांनी ती अभ्यासली. लोणारच्या पाण्याचा सामू १० च्या आसपास असतो, तरी त्यात सूक्ष्मजीव भरपूर आहेत. जून २०२० मध्ये तळे गुलाबी झाले तेही क्षारप्रिय सूक्ष्मजीवांमुळेच.

मंगळावरील जेझेरो हे सुमारे ४५ किलोमीटर व्यासाचे विवर. तेथेही एकेकाळी तळे होते आणि तळाशी अग्निजन्य खडक आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये पर्सिव्हरन्स गाडी तेथे उतरली. २०२४ मध्ये तिला एका खडकावर ठिपके दिसले. जुन्या सूक्ष्मजीवांमुळे ते उमटले असतील, पण जीवाविना होणाऱ्या रासायनिक क्रियेनेही उमटू शकतात. त्या खडकाचा नमुना नळीत बंद आहे. लोणारचा खडक प्रयोगशाळेत नेता आला. ही नळी अजून मंगळावरच आहे.