टॉमकॅट : विंडोजवरील पोर्टरचना

टॉमकॅट : सर्व्हलेट व जेएसपी चालवणारा, जावा भाषेत लिहिलेला मुक्तस्रोत वेब सर्व्हर. सन मायक्रोसिस्टिम्समधील जेम्स डंकन डेव्हिडसन यांनी तो रचला व १९९९ मध्ये तो अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशनकडे आला. विंडोजवर तो दोन प्रकारे चालवतात : झिप फाइल उलगडून 'स्टार्टअप.बॅट'ने, किंवा इन्स्टॉलरने बसवलेली सर्व्हिस म्हणून. दोन्हींत पोर्टची नोंद 'कॉन्फ' फोल्डरमधील 'सर्व्हर.एक्सएमएल' या फाइलीतच असते. ही फाइल सर्व्हर सुरू होतानाच वाचली जाते. म्हणून बदल केल्यावर सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू करावा लागतो.

मूळ पोर्ट : ब्राउझरकडून येणाऱ्या मागण्या ८०८० वर घेतल्या जातात. ८००५ हा सर्व्हर बंद करण्याचा पोर्ट. त्याच संगणकावरून या पोर्टवर ठरलेला शब्द पाठवला की सर्व्हर थांबतो. सर्व्हिस म्हणून चालणाऱ्या टॉमकॅटला याची गरज नसते, कारण त्याला विंडोजच थांबवते. तेथे ८००५ ऐवजी उणे १ लिहून हा पोर्ट बंद ठेवावा. मात्र 'शटडाउन.बॅट' वापरणाऱ्यांना तो लागतो. एकाच संगणकावर दोन टॉमकॅट चालवायचे असल्यास ८०८० बरोबर ८००५ ही बदलावा लागतो; ही दुसरी नोंद हमखास विसरली जाते. 'रीडायरेक्टपोर्ट'पुढे लिहिलेला ८४४३ हा आकडा केवळ दिशादर्शक असून त्याने कोणताही पोर्ट उघडत नाही.

पोर्टचा संघर्ष : एका पत्त्यावरील एक पोर्ट एका वेळी एकाच प्रोग्रॅमला मिळतो. महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाच्या पदविकेतील 'ॲडव्हान्स्ड जावा प्रोग्रॅमिंग' या विषयात सर्व्हलेट शिकवतात. अशा विषयांच्या प्रयोगशाळांत एकाच संगणकावर डेटाबेसही बसवलेला असतो, आणि ओरॅकल १०जी एक्सप्रेस एडिशन हा डेटाबेस आपले वेबपान मुळात ८०८० वरच मांडते. ते आधी सुरू झाले, तर टॉमकॅटचे पान उघडण्याऐवजी ब्राउझर ओरॅकलचे वापरकर्तानाव व पासवर्ड मागू लागतो. विद्यार्थ्याला वाटते, आपले सर्व्हलेट चुकले. अधिक फसवे असे, की ८०८० न मिळाल्याची चूक टॉमकॅट 'लॉग्ज' फोल्डरमध्ये नोंदवतो, पण मूळ मांडणीत त्याची प्रक्रिया चालूच राहते. त्यामुळे सर्व्हिसेसच्या यादीत 'रनिंग' दिसते आणि पान मात्र येत नाही. म्हणून आधी लॉग वाचावा. मग 'नेटस्टॅट' ही आज्ञा 'ए', 'एन', 'ओ' या पर्यायांसह द्यावी. शेवटच्या स्तंभात पोर्ट धरून बसलेल्या प्रक्रियेचा क्रमांक मिळतो व टास्क मॅनेजरमध्ये तिचे नाव कळते. त्यानंतर टॉमकॅटच्या 'कनेक्टर'मधील आकडा बदलावा, किंवा ओरॅकलचा.

टॉमकॅटला ८० हा पोर्ट देताना प्रक्रिया क्रमांक ४, म्हणजे 'सिस्टम', आडवी येते. तिच्यात विंडोजची स्वतःची एचटीटीपी यंत्रणा चालते व बहुधा त्या यंत्रणेमागे आयआयएस हा मायक्रोसॉफ्टचा वेब सर्व्हर असतो. 'सिस्टम' ही प्रक्रिया बंद करता येत नाही. त्याऐवजी आयआयएसची 'वर्ल्ड वाइड वेब पब्लिशिंग सर्व्हिस' थांबवावी. लिनक्सवर १०२४ खालील पोर्टना सामान्यतः विशेष अधिकार लागतात, विंडोजवर तशी अट नाही. टॉमकॅट थेट ८० वर ठेवावा की आयआयएसच्या मागे, याबद्दल मतभेद आहेत.

नेटस्टॅट कोणाचाच क्रमांक दाखवत नाही आणि तरी परवानगी नाकारली जाते, असेही घडते. हायपर-व्ही ही आभासी संगणकांची यंत्रणा सुरू असलेल्या संगणकावर विंडोज पोर्टचे काही पट्टे स्वतःसाठी राखून ठेवते. 'नेटएसएच'च्या 'एक्सक्लुडेडपोर्टरेंज' या आज्ञेने ते पाहता येतात. पट्ट्याबाहेरचा आकडा निवडणे हा सोपा उपाय.

फायरवॉल : त्याच संगणकावर पान दिसते व शेजारच्या संगणकावर दिसत नाही, तेव्हा प्रथम फायरवॉल तपासावी. 'स्टार्टअप.बॅट'ने चालवल्यास परवानगीची खिडकी येते. सर्व्हिसला ती येत नाही, नियम हाताने लिहावा लागतो. खिडकीतून दिलेली परवानगी जावाच्या फाइलीला मिळते. जावाची आवृत्ती बदलून फोल्डरचे नाव बदलले, की ती लागू होत नाही. नियम पोर्टच्या नावाने करणे अधिक टिकाऊ.

८००९ व घोस्टकॅट : एजेपी हा दुसऱ्या वेब सर्व्हरशी बोलण्याचा मार्ग. तो पूर्वी ८००९ वर मुळातच उघडा असे, आणि बहुतेकांना त्याचा काहीही उपयोग नसे. फेब्रुवारी २०२० मध्ये 'घोस्टकॅट' ही त्रुटी जाहीर झाली : ८००९ पर्यंत पोहोचू शकणाऱ्या कोणालाही वेब ॲप्लिकेशनमधील फाइली वाचता येत होत्या, त्यांत पासवर्ड लिहिलेल्या फाइलीही असू शकत. ७.०.१००, ८.५.५१ व ९.०.३१ या आवृत्त्यांत ती दुरुस्त झाली व तेव्हापासून एजेपी मुळात बंद असतो. जुन्या सर्व्हरची 'सर्व्हर.एक्सएमएल' तशीच नव्यात उतरवली, तर उघडी एजेपी नोंदही सोबत येते. ती पाहून काढावी.

एचटीटीपीएस : ८४४३ वरील कनेक्टर मूळ फाइलीत टिप्पणीच्या रूपात असतो, प्रमाणपत्र जोडून तो खुला करतात.

पत्ता : कनेक्टरमध्ये 'ॲड्रेस' दिला नाही, तर टॉमकॅट संगणकाच्या सर्व नेटवर्क पत्त्यांवर ऐकतो. केवळ शिकण्यासाठी बसवलेल्या सर्व्हरमध्ये तेथे १२७.०.०.१ लिहावे.