हत्ती-सीलचे दप्तर

वाचकहो, इतिहासाच्या प्राध्यापकाला सीलशी काय कर्तव्य, असे आपल्याला वाटेल. पण ज्याची बखर नाही, पत्र नाही, शिलालेख नाही, अशा एका प्राण्याचा इतिहास त्याच्या रक्तातून वाचला गेला आहे. दप्तरे चाळणाऱ्या माणसाला याचे नवल वाटणारच.

मेक्सिको आणि कॅलिफोर्नियाच्या पॅसिफिक किनाऱ्यावर हत्ती-सील विणीसाठी येतो. नराचे नाक सोंडेसारखे लोंबते, म्हणून हे नाव. वजन दोन टनांच्या घरात. अंगात चरबी भरपूर, आणि तिचे तेल दिव्यांना नि यंत्रांना चाले. जमिनीवर हे धूड धड पळूही शकत नाही. एकोणिसाव्या शतकात शिकारी जहाजांनी कळपच्या कळप कापून काढले. १८८० नंतर तर जात संपलीच, असे लोक धरून चालले होते.

१८९२ साली चार्ल्स टाउनसेंड हे अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ मेक्सिकोच्या ग्वादालूपे बेटावर उतरले. तिथे आठ हत्ती-सील पहुडलेले दिसले. मग काय केले असेल? आठांपैकी सात मारले! संग्रहालयांत नमुने नव्हते ना. प्राणी जातोच आहे, तर कातडी आणि हाडे तरी राहू देत, असा तो हिशेब. त्या काळी तो शहाणपणाचाही वाटला असेल; मला काही तो अजून पचलेला नाही.

नशीब एवढेच, की हे प्राणी वर्षाचा मोठा भाग भर समुद्रात काढतात. त्या दिवशी जे बेटावर नव्हते, ते वाचले. १९२२ मध्ये मेक्सिको सरकारने बेटाला संरक्षण दिले, आणि वंश भराभर वाढला. आज ही संख्या दोन लाखांच्या वर आहे.

म्हणजे सारे ठीक झाले म्हणायचे? बॉनेल आणि सेलँडर या दोघा शास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये १५९ हत्ती-सीलांच्या रक्ताची तपासणी प्रसिद्ध केली. प्रथिनांची घडण ठरवणाऱ्या २४ जनुकांत त्यांना कुठेही, एकाही प्राण्यात, फरक सापडला नाही. दक्षिण गोलार्धातल्या हत्ती-सीलांची शिकारही काही थोडी झाली नव्हती. पण त्यांच्यात असे फरक आढळले. पुढे १९९३ मध्ये आईकडून पिल्लांकडे येणारा डीएनए तपासला, तर त्याचे अवघे दोन प्रकार निघाले. यावरून शास्त्रज्ञांनी मागे गणित मांडले: एके काळी ही सगळी जात तीसएक प्राण्यांवर, कदाचित त्याहूनही कमी, येऊन ठेपली असावी.

त्यात या प्राण्यांची रीत अशी, की एक दांडगा नर मोठा जनानखाना राखतो आणि बाकीचे नर काठाकाठाने ताटकळत राहतात. तेव्हा वीस-पंचवीस उरले, तरी पुढच्या पिढीचे बाप त्यांतले एक-दोनच. डोकी मोजून वंशाची श्रीमंती कळत नाही, ती यामुळे. संख्या शंभर वर्षांत परत आली. पण फरक म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या साठत जाणारे धन, त्याला हजारो वर्षे लागतात. उद्या एखादी नवी साथ आली, तर एकाला जे झेपणार नाही, ते बहुतेकांना झेपणार नाही.

शिकारीच्या आधीच्या काळातली काही जुनी हाडे मागाहून तपासली गेली. त्यांत डीएनएचे असे प्रकार मिळाले, जे आजच्या सीलांत आढळत नाहीत. किनाऱ्यावर दोन लाख प्राणी लोळताहेत, आणि ते प्रकार मात्र जुन्या हाडांत तेवढे शिल्लक आहेत.