फेंगमिंग डोंगराखाली झाओ युन : एका प्रसंगावरचे भाष्य

‘सान्ग्वो यान्यी’ ही १२० अध्यायांची चिनी कादंबरी. तिच्या ९२व्या अध्यायात शू राज्याचा सत्तरीचा सेनानी झाओ युन वेई राज्याच्या फौजेच्या वेढ्यात सापडतो. त्याच्यावर अशी वेळ क्वचितच येते, म्हणून हा प्रसंग वाक्यावाक्याला थांबून वाचावा.

*सोबतचा सेनानी देंग झी सावध करतो.* हरलेला शत्रू पुन्हा समोर येतो, त्याअर्थी यात डाव आहे, एवढेच तो म्हणतो. झाओ युनला वेईचा सेनापती शियाहौ माओ म्हणजे ओठ पिळले तर दूध निघेल असे पोर वाटते. वेईचा सरदार हान दे आणि त्याचे चार मुलगे यांना त्याने नुकतेच निकालात काढलेले असते. त्याचा गर्व पोकळ नाही. तो ताज्या विजयातून आलेला आहे, आणि म्हणूनच घातक आहे.

*शत्रूचा सरदार लढता लढता पळतो.* ही हुलकावणी. पुढे दोन्ही अंगांनी दोंग शी आणि श्वे झे यांच्या फौजा उठतात.

*शियाहौ माओ डोंगरावरून हात दाखवतो.* झाओ युन पूर्वेला वळला की तो पूर्वेकडे खूण करतो, पश्चिमेला वळला की पश्चिमेकडे. माझ्या मते साऱ्या प्रसंगाचा जीव या ओळीत आहे. ४१व्या अध्यायात, छांगबानच्या रणातही एक डोंगर होता. त्यावरून शत्रूपक्षाच्या त्साओ त्साओने तरुण झाओ युनला पाहिले, त्याच्या शौर्यावर तो भाळला आणि बाण सोडू नका, जिवंत धरा, असा हुकूम दिला. त्या हुकमामुळेच पोटाशी धन्याचे बाळ बांधलेला तो वीर निसटला. इथे डोंगरावर गुणांची पारख असलेला शत्रू नाही. झाओ युन चढू लागतो तेव्हा वरून ओंडके आणि दगड येतात. पराक्रम तोच आहे; वरून पाहणारा बदलला आहे.

*चंद्र उगवतो, चहूकडे आग दिसते.* सकाळपासून लढून थकलेला म्हातारा आता मरण समोर पाहतो. वय झाले हे आपण मानले नाही, असे तो इथे प्रथमच बोलतो. देंग झीला दिलेले उत्तर तो इथे मागे घेतो.

*झांग बाओ येतो, मागोमाग ग्वान शिंग.* एक झाओ युनचा जुना मित्र झांग फेई याचा मुलगा, दुसरा तसाच मित्र ग्वान यू याचा. दोघांच्या हाती बापाचीच शस्त्रे. शूचा प्रधान झुगे लियांग याने म्हाताऱ्याची काळजी वाटून त्यांना धाडलेले असते. सुटका होताच झाओ युन, पुतण्यांसारखी ही पोरे पुढे जात असताना आपण मागे कसे राहावे, असे म्हणत त्यांच्यामागे निघतो. खंत सांगून झाली, तरी खोड गेली नाही. हे मला फार खरे वाटते.

या वेढ्याला इतिहासाचा आधार नाही. इतिहासकार चेन शौच्या ग्रंथात झाओ युनची हार आहे ती इ. स. २२८ मधली, जीगूची. तिथे त्याने फौज सावरली, मोठा पराभव टाळला, तरी त्याचा हुद्दा उतरवला गेला. कादंबरीने ती हार पुसली: ९५व्या अध्यायापासूनच्या माघारीत तो एकही माणूस न गमावता परततो. खरी हार काढून लेखकाने रचलेली हार दिली, आणि ती अशी की तिच्यातून बाहेर काढायला दोन मित्रांची मुले धावून यावीत.